स्विचमधून संगणक नेटवर्कला जोडताना: केबलपासून पिंगपर्यंत

राउटरच्या मागे साधारण चार लॅन पोर्ट असतात आणि ते कधी ना कधी भरतातच. एकात डेस्कटॉप, दुसऱ्यात प्रिंटर, तिसऱ्यात टीव्ही, चौथ्यात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. पाचवं यंत्र आलं की स्विच घ्यावा लागतो. स्विच बसवणं हे नेटवर्किंगमधलं सगळ्यात सोपं काम. साध्या स्विचला पासवर्ड नसतो, सेटिंगचं पान नसतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तरीही जोडल्यावर नेट आलं नाही की लोक नेमकं भलत्या जागी शोधायला लागतात. संगणकाच्या सेटिंग उलटसुलट करतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात आणि शेवटी स्विचच्या नावाने खडे फोडतात. त्यापेक्षा खालून वर जावं. आधी केबल, मग दिवा, मग वेग, मग आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कात यंत्राला मिळणारा आकडी पत्ता, आणि सगळ्यात शेवटी इंटरनेट. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही.

## स्विच काय करतो, काय करत नाही

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक मॅक पत्ता दिलेला असतो. एखाद्या पोर्टातून डेटाचा तुकडा, म्हणजे फ्रेम, आली की स्विच तिच्यावर पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता बघतो आणि 'हे यंत्र ३ नंबरच्या पोर्टावर आहे' अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. मग ती कोणासाठी आहे ते बघून ते यंत्र ज्या पोर्टावर आहे त्याच पोर्टातून बाहेर सोडतो. पत्ता तक्त्यात नसेल तर फ्रेम आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. उत्तर आलं की तीही नोंद होते. काही वेळ, बऱ्याच स्विचमध्ये साधारण ५ मिनिटं, एखाद्या यंत्राकडून काहीच आलं नाही तर त्याची नोंद आपोआप पुसली जाते. म्हणून एका पोर्टातली केबल काढून दुसऱ्यात घातली तरी स्विचला काही सांगावं लागत नाही.

जुन्या हबला ही अक्कल नव्हती. तो आलेली प्रत्येक गोष्ट सगळ्यांकडे ढकलायचा आणि दोन यंत्रं एकदम बोलली की टक्कर व्हायची. अडगळीत हब सापडला तर तो अडगळीतच राहू द्या.

आता स्विच काय करत नाही ते. साधा स्विच आयपी पत्ते वाटत नाही आणि इंटरनेट आणत नाही. त्याला नेटवर्कचा एक्स्टेंशन बोर्ड म्हणा हवं तर: भिंतीच्या सॉकेटलाच वीज नसेल तर बोर्ड कितीही चांगला असून उपयोग नाही. पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, राउटर करतो. त्यामुळे स्विच राउटरच्या पुढे लावायचा, मोडेम आणि राउटरच्या मध्ये नाही. नुसत्या मोडेमला स्विच लावून त्यावर तीन संगणक जोडले तर बहुतेक वेळा एकालाच नेट मिळतं, कारण सेवा देणारी कंपनी सहसा एका जोडणीला एकच पत्ता देते. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतील तर हा प्रश्नच येत नाही.

## कोणता स्विच, कोणती केबल

मॅनेज्ड आणि अनमॅनेज्ड असे दोन प्रकार मिळतात. घरासाठी किंवा छोट्या कार्यालयासाठी अनमॅनेज्ड पुरतो. नेटवर्कचे वेगळे कप्पे करायचे असतील, म्हणजे व्हीलॅन, किंवा कोणत्या पोर्टवर काय चाललंय ते बघायचं असेल तरच मॅनेज्डच्या वाटेला जा. वेगात मात्र तडजोड नको: गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसच (सेकंदाला १००० मेगाबिट) घ्या. १०० एमबीपीएसचे स्विच अजून विकले जातात आणि खोक्यावर 'फास्ट इथरनेट' असं भारदस्त नाव असतं. ते नाव १९९५ सालच्या मानकाचं आहे; तेव्हा ते खरंच फास्ट होतं.

पोर्ट मोजताना एक पोर्ट राउटरकडे जाणाऱ्या केबलसाठी जातो हे विसरू नका. ५ पोर्टच्या स्विचवर यंत्रं चारच बसतात. आज चार लागत असतील तर ८ पोर्टचा घ्या.

'पीओई' लिहिलेला स्विच केबलमधूनच वीजही देतो. तो आयपी कॅमेरे, डेस्कवरचे आयपी फोन आणि छताला लावायचे वायफाय ॲक्सेस पॉइंट यांच्यासाठी. नुसता संगणक जोडायला त्याची गरज नाही, पण जोडला तरी बिघडत नाही: मानकाप्रमाणे चालणारा पीओई स्विच समोरचं यंत्र वीज मागतंय का ते आधी तपासतो आणि मगच देतो. काही स्वस्त पीओई इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारे छोटे डबे, मात्र 'पॅसिव्ह' असतात. ते न विचारता २४ व्होल्ट सोडतात. तसल्या इंजेक्टरची केबल संगणकात घालू नका.

केबलचं म्हणाल तर गिगाबिटला कॅट ५ई पुरते आणि कॅट ६ असेल तर उत्तमच. दोन्हीची मर्यादा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटर. मध्ये स्विच आला की मोजणी पुन्हा शून्यापासून. केबलच्या अंगावर दर थोड्या अंतरावर छपाई असते, त्यात श्रेणी लिहिलेली असते; खोक्यावर नाही, केबलवर वाचा. 'सीसीए' अशी अक्षरं दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. हलकी आणि स्वस्त, पण लवकर तुटते, लांब अंतरावर दगा देते आणि पीओईसाठी तर वापरूच नये. उलट कॅट ८च्या चपट्या, सोनेरी टोकांच्या केबलवर पैसे घालवण्यातही अर्थ नाही. गिगाबिट स्विचवर ती कॅट ५ईइतकीच पळते.

संगणकाला इथरनेटचा पोर्ट आहे ना तेही बघा. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना नसतो. तेव्हा यूएसबी ते इथरनेट ॲडॉप्टर लागतं आणि ते यूएसबी ३चं हवं. यूएसबी २चा कमाल वेगच ४८० एमबीपीएस, त्यामुळे त्यावर गिगाबिट पूर्ण मिळूच शकत नाही.

## जोडणी

१. स्विचची जागा ठरवा. हवा खेळती हवी, कारण बऱ्याच छोट्या स्विचमध्ये पंखा नसतो. तो राउटरवर किंवा राउटर त्याच्यावर रचू नका. नेटची केबल विजेच्या तारेला समांतर लांबवर नेऊ नका; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

२. स्विचला त्याचाच ॲडॉप्टर लावा. इथे घाई नको. राउटर, मोडेम, स्विच, सेट-टॉप बॉक्स यांच्या ॲडॉप्टरच्या गोल पिना बऱ्याचदा अगदी सारख्या असतात, पण एक ५ व्होल्टचा, एक ९चा, एक १२चा. ५ व्होल्टच्या स्विचला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागला तर स्विच संपला. ॲडॉप्टरवरचा 'आउटपुट' आकडा आणि स्विचच्या पाठीवरचा आकडा जुळवून घ्या. घरात असे चार-पाच ॲडॉप्टर असतील तर प्रत्येकावर आजच नाव लिहून चिकटवा.

३. वीज आल्यावर स्विचचे सगळे दिवे एकदा लुकलुकतील आणि पॉवरचा तेवढा लागलेला राहील. साधा स्विच काही सेकंदांत तयार होतो.

४. राउटरच्या लॅन पोर्टातून एक केबल स्विचच्या कोणत्याही पोर्टात घाला. 'लॅन' म्हटलेल्याच पोर्टातून; 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेला, बहुधा वेगळ्या रंगाचा पोर्ट मोडेमसाठी असतो. जुन्या स्विचवर 'अपलिंक' नावाचा वेगळा पोर्ट किंवा बटण असायचं आणि दोन स्विच जोडायला क्रॉस केबल लागायची. आताचे स्विच कोणती तार कुठे आहे ते स्वतःच ओळखतात, त्यामुळे साधी केबल आणि कुठलाही पोर्ट चालतो.

५. दुसरी केबल स्विचमधून संगणकात. प्लग आत जाताना 'टक' असा आवाज यायला हवा. तो प्लगच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या जिभेचा. जीभ तुटलेली असेल तर केबल पोर्टात बसल्यासारखी दिसते, दिवाही लागतो, आणि टेबल हललं की नेट जातं. बसवल्यावर केबल हलकेच ओढून बघा. बाहेर आली तर ती केबल बाजूला काढा.

६. संगणकाचं वायफाय तात्पुरतं बंद करा. नाहीतर पान उघडलं ते केबलमुळे की वायफायमुळे हे कळायला मार्ग नाही.

कार्यालयात मात्र आधी नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. अनेक ठिकाणी भिंतीच्या एका पोर्टवर ठरावीक इतकेच मॅक पत्ते चालतात. तिथे तुम्ही परस्पर स्विच लावला की पलीकडचा मोठा स्विच तो पोर्टच बंद करून टाकतो, आणि मग तुमचा आधीचा संगणकही बसला.

## दिवे वाचायला शिका

स्विचच्या प्रत्येक पोर्टला एक किंवा दोन दिवे असतात. दिवा स्थिर लागला की तार दोन्ही टोकांना पोचली आणि दोन्ही यंत्रांचं आपसात जमलं. लुकलुकला की डेटा ये-जा करतोय. दुसरा दिवा असेल तर तो किंवा त्याचा रंग वेग सांगतो. कोणता रंग म्हणजे कोणता वेग हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून स्विचवरच छापलेली खूण बघा.

दिवाच नाही? मग संगणकाला हात लावू नका. संगणक चालू आहे ना, केबल दोन्हीकडे बसली आहे ना ते बघा. मग तीच केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात घाला. तरी नाही तर केबल बदला, आणि ती नक्की चालणारी हवी, म्हणजे आत्ता दुसऱ्या यंत्राला नेट देत असलेली. तीही लावून दिवा लागत नसेल तर दोष संगणकाच्या पोर्टात किंवा कार्डात. तेव्हाच डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क ॲडॉप्टर बंद केलेलं आहे का, त्यावर पिवळी खूण आहे का ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि पोर्ट दोन्ही एकदम बदलले आणि चाललं, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

## वेग किती ठरला

दिवा लागला म्हणजे पूर्ण वेग मिळाला असं नाही. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडलं की खाली 'लिंक स्पीड' दिसतो. १०००/१००० दिसलं तर छान. १००/१०० दिसलं आणि स्विच, राउटर, संगणक तिन्ही गिगाबिटचे असतील, तर केबलवर संशय घ्या.

याचं कारण केबलच्या पोटात आहे. आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच लागतात: प्लगच्या पिना १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी नेट चालू राहतं, बहुतेक यंत्रं तक्रार न करता १००वर उतरतात आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. काही यंत्रं उतरत नाहीत. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. दोन्हीला औषध एकच, केबल बदलणं.

वेगाच्या बाबतीत आणखी एक खोड दिसते. नेट मंद वाटलं की कोणीतरी संगणकाच्या ॲडॉप्टरमध्ये जाऊन '१०० फुल ड्युप्लेक्स' (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) असा वेग हाताने ठोकून देतं. समोरचा स्विच मात्र 'ऑटो'वर असतो. त्याला या बाजूकडून वाटाघाटीचा संकेत मिळत नाही, म्हणून तो हाफ ड्युप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरून बसतो. पिंग (समोरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघणं) ठीक, पानं उघडतात, पण मोठी फाइल पाठवली की वेग पार कोसळतो. म्हणून दोन्हीकडे ऑटोच ठेवा.

आणि बिट-बाइटचा हिशोब ध्यानात ठेवा. ८ बिटांचा एक बाइट. गिगाबिट लिंकवर एका संगणकातून दुसऱ्यात मोठी फाइल सेकंदाला साधारण ११० एमबीच्या आसपास जाते. १००च्या लिंकवर ११-१२ एमबी. कॉपीच्या खिडकीत ११ दिसत असेल तर वाटेत कुठेतरी १००चा अडथळा आहे हे तिथेच कळतं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर नको.

## पत्ता मिळाला का

आता संगणकाकडे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या नेटवर्कमध्ये आणि लिनक्सवर 'आयपी ए' (ip a) या कमांडने तेच दिसतं. इथरनेटच्या खाली आयपीव्ही४ पत्ता शोधा. तीन शक्यता असतात.

पत्ता १९२.१६८. किंवा १०. ने सुरू होतोय आणि राउटरच्या पत्त्याशी जुळतोय: काम झालं. उदाहरणार्थ राउटर १९२.१६८.१.१ आणि संगणक १९२.१६८.१.२३, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. त्या मास्कचा अर्थ इतकाच की पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असलेली यंत्रं एका नेटवर्कात.

पत्ता १६९.२५४. ने सुरू होतोय: संगणकाने डीएचसीपीला हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. संगणकाची सेटिंग बरोबर असल्याचीच ही खूण आहे, कारण तो मागत तरी होता! आता स्विच आणि राउटर यांच्यामधली केबल बघा. ती निघालेली असते, वॅन पोर्टात असते किंवा राउटरच हँग झालेला असतो. दुरुस्त केल्यावर संगणकाकडची केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे तो नव्याने पत्ता मागेल.

पत्ता भलत्याच मालिकेतला आहे, राउटर १९२.१६८.१. मध्ये आणि संगणक १९२.१६८.०. मध्ये: एकतर कोणीतरी पूर्वी पत्ता हाताने भरून ठेवलाय, किंवा नेटवर्कात दुसरा एक डीएचसीपी जागा आहे. पहिल्यासाठी इथरनेटच्या सेटिंगमध्ये आयपी असाइनमेंट 'ऑटोमॅटिक' करा. दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण कधी खऱ्या राउटरचं उत्तर आधी पोचतं, कधी त्या दुसऱ्याचं. सकाळी चालतं, दुपारी चालत नाही. अशा वेळी स्विचवर कोणी जास्तीचा वायफाय राउटर लावून ठेवलाय का ते शोधा.

राउटरच नसेल आणि दोन-तीन संगणकांत फक्त फाइलींची देवाणघेवाण करायची असेल तर पत्ते हाताने द्या: एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०. गेटवे (बाहेर जायची वाट, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) रिकामे ठेवा. एकच पत्ता दोन यंत्रांना दिला गेला तर दोन्ही अडखळतात.

## पिंगचा जिना

पिंग खालून वर करत जायचं. पहिला राउटरला: पिंग (ping), एक जागा, १९२.१६८.१.१ किंवा आयपीकॉन्फिगमध्ये 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो पत्ता असेल तो. चार उत्तरं १ मिलिसेकंदाच्या आत-बाहेर आली तर संगणकापासून स्विचमधून राउटरपर्यंतचा रस्ता साफ आहे. चारपैकी एखादं गळत असेल तर केबल किंवा प्लग सैल. केबल हलवत हलवत सतत पिंग करून बघायचं असेल तर विंडोजमध्ये पत्त्यापुढे एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि इंग्रजी टी जोडा; थांबवायला कंट्रोल आणि सी.

दुसरा पिंग बाहेरच्या पत्त्याला, ८.८.८.८ला. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर स्विचला सुट्टी द्या. दोष राउटरपासून बाहेर आहे. तिसरा एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. ८.८.८.८ चालतं पण नाव सापडत नाही म्हणत असेल तर डीएनएस बिघडलंय.

शेजारच्या विंडोज संगणकाला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, म्हणून लगेच केबल बदलू नका. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही. नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं असेल तर संगणक आपल्याच नेटवर्कातल्या इतरांपासून लपून बसतो. प्रिंटर आणि शेअर केलेले फोल्डरही मग दिसत नाहीत. घरच्या किंवा विश्वासाच्या नेटवर्कात इथरनेटच्या त्याच पानावर ते 'प्रायव्हेट' करा. बाहेर, अनोळखी ठिकाणी पब्लिकच राहू द्या.

## सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात तेव्हा

ही एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण यात एका केबलमुळे सगळं नेटवर्क आडवं होतं. केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली, किंवा दोन स्विचमध्ये दोन केबल लागल्या, की वर्तुळ तयार होतं. सगळ्यांना उद्देशून पाठवलेली एक फ्रेम त्या वर्तुळात शिरते आणि फिरतच राहते. इथरनेटच्या फ्रेममध्ये 'इतक्या उड्यांनंतर मरून जा' असा आकडाच नसतो. प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात, काही क्षणांत तारा भरून जातात. सगळ्या पोर्टांचे दिवे एका लयीत, जवळजवळ न थांबता लुकलुकतात, कोणालाच नेट मिळत नाही, राउटरचं पानही उघडत नाही. लोक राउटर बंद-चालू करतात, क्षणभर सुधारतं, पुन्हा तेच.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधलेला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. स्विच आपसात बोलून वर्तुळातला एक रस्ता बंद ठेवतात. पण तो मॅनेज्ड स्विचमध्ये असतो. साध्या स्विचमध्ये सहसा नसतो. मग हाताने शोधायचं: स्विचमधल्या केबल एकेक करून काढा आणि दिव्यांकडे बघत राहा. ज्या केबलला दिवे एकदम शांत होतील ती गुन्हेगार. तिचं दुसरं टोक शोधत जा. बऱ्याचदा ते टेबलाखाली लोंबणारं एक मोकळं टोक असतं, जे कोणीतरी 'हे निघालेलं दिसतंय' म्हणून आपुलकीने स्विचमध्ये खोचून दिलेलं असतं. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे डेस्कवरचा आयपी फोन. त्याला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे जायला आणि एक संगणकासाठी. दोन्ही भिंतीतल्या पोर्टांत घातले की वर्तुळ पूर्ण.

एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे स्विच साखळीत लावणं चालतं, पण मागच्या सगळ्यांची रहदारी एकाच केबलवरून जाते आणि मधला बंद पडला की पुढचे सगळे गेले. शक्य तर प्रत्येक स्विच थेट मुख्य स्विचला किंवा राउटरला जोडा.

## केबलचं टोक स्वतः बसवायचं असेल तर

दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार पॅच केबल स्वस्त आणि भरवशाची असते. दोन-चार मीटरसाठी क्रिंपर, म्हणजे प्लग दाबून बसवायची पक्कड, हातात घेण्यात अर्थ नाही. पण भिंतीतून किंवा पाइपातून केबल न्यायची तर प्लग आधी बसवून चालत नाही, टोक नंतरच करावं लागतं.

वरचं आवरण साधारण एक इंच सोला, आतल्या तारांना पातं लागू न देता. चार जोड्यांचे पीळ सोडवा, तारा बोटांनी ओढून सरळ करा आणि या क्रमाने शेजारी शेजारी लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. याला टी-५६८बी म्हणतात. हिरवी जोडी ३ आणि ६वर तुटक बसते आणि निळी तिच्या पोटात, हे विचित्र दिसतं पण मुद्दाम आहे. 'रंग ओळीने लावले, दोन्हीकडे सारखे, मग काय बिघडलं' असं म्हणून हिरव्या दोन तारा शेजारी लावल्या तर ३ आणि ६ एकमेकींभोवती पीळ नसलेल्या तारांवर जातात. छोट्या केबलवर चालून जाईल, लांब केबलवर चुका सुरू होतील.

तारा चिमटीत घट्ट धरून टोकं एका रेषेत कापा, इतकी की आवरणाबाहेर जेमतेम अर्धा इंच उरेल. प्लगची जीभ खाली, सोनेरी पिना वर, तोंड तुमच्याकडे धरून तारा आत सरकवा. आता प्लगच्या टोकाकडून समोरून बघा: पारदर्शक प्लास्टिकमधून आठ तांब्याचे ठिपके भिडलेले दिसले पाहिजेत. सात दिसले तर बाहेर काढून पुन्हा. आवरणाचा काठही प्लगच्या आत जायला हवा, कारण मागची पाचर आवरणाला पकडते. तारांना पकडायला ती केलेलीच नाही. मग क्रिंपर पूर्ण दाबा. दुसरं टोक त्याच क्रमाने. केबल टेस्टर असेल तर दोन्ही टोकं लावून १ ते ८ दिवे ओळीने लागतात का बघा. नसेल तर लिंक स्पीडमध्ये १००० दिसणं हीच परीक्षा.

## जुना राउटर स्विच म्हणून वापरताना

कपाटात पडलेला जुना वायफाय राउटर स्विचचं काम उत्तम करतो, फक्त तीन गोष्टी केल्या पाहिजेत. आधी त्याला बाकी नेटवर्कपासून वेगळा ठेवून एकाच संगणकाला केबलने जोडा आणि त्याचं सेटिंगचं पान उघडा. त्याचा लॅन पत्ता मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि तो मुख्य राउटर वाटत असलेल्या पत्त्यांमध्ये येत नाही ना ते बघून घ्या. मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा. शेवटी मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट रिकामाच ठेवा. पहिल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या सेव्ह कराव्या लागल्या तर पत्ता बदलताच पान तुटेल. नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करायला विसरू नका. त्याचा वायफायही चालू ठेवणार असाल तर वेगळा चॅनेल द्या, नको असेल तर बंद करा. आणि पोर्टांचा वेग तपासा: बरेच जुने राउटर १००चेच असतात. प्रिंटर आणि टीव्हीला ते पुरेल. ज्या संगणकावरून रोज मोठ्या फाइली जातात तो मात्र गिगाबिट स्विचलाच जोडा.